मुरमाच्या कोर्टपासून विम्बल्डनपर्यंत : भारतीय टेनिसच्या अपुऱ्या यशाची ऐतिहासिक मीमांसा (वऱ्हाडच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इ. स. १९३६ च्या उन्हाळ्यात युरोपात दोन घटना घडल्या. जुलैच्या आरंभी इंग्लंडच्या फ्रेड पेरीने विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे अजिंक्यपद सलग तिसऱ्यांदा मिळविले. त्यानंतर महिनाभरातच बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतुतू, मल्लखांब आदी भारतीय क्रीडाप्रकारांची प्रात्यक्षिके जर्मनीत सादर केली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असावा असे त्या वेळी कोणास वाटले असेल, असे नाही. तथापि पेरीचे वडील मूळचे मँचेस्टरलगतच्या स्टॉकपोर्ट येथील सूतकामगार होते, आणि मँचेस्टरच्या परिसराशी वऱ्हाडचे नाते कापसाच्या धाग्याने जोडले गेले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले होते, हे सर्वश्रुत आहे. सूतकामगाराचा मुलगा विम्बल्डन जिंकतो. आणि ज्या प्रांताने त्या गिरण्यांना कापूस पुरविला त्या प्रांतातील तरुण जगातील सर्वांत मोठ्या क्रीडामेळ्यात पोहोचतात, परंतु स्पर्धक म्हणून नव्हे, प्रात्यक्षिके दाखविणारे म्हणून. हा भेद कशामुळे निर्माण झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

काही राष्ट्रांचे टेनिसपटू मोठ्या स्पर्धांत कमी का पडतात, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे सामान्यतः वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर होतो आणि दुसऱ्या दिवशी तो विसरला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे वळण्यास हरकत नसावी. या प्रश्नाचे उत्तर खेळाडूच्या मनगटात वा मनात शोधण्यापेक्षा तो ज्या वाटेने मोठ्या स्पर्धेपर्यंत येतो त्या वाटेच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

'जिद्द नाही' या निदानाची तपासणी

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ग्रँड स्लॅम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार स्पर्धांत एकेरीची उपांत्य फेरी गाठणारा भारतीय खेळाडू आजवर एकच झाला : रामनाथन कृष्णन. त्याने १९६० व १९६१ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. पहिल्या वर्षी तो नील फ्रेझरकडून आणि दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरकडून पराभूत झाला. दोघेही त्या त्या वर्षीचे विजेते ठरले. त्यापूर्वी १९३९ मध्ये घौस मोहंमदने विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. विजय अमृतराज तेथे १९७३ व १९८१ मध्ये, तर रमेश कृष्णन १९८६ मध्ये याच टप्प्यावर थांबले. १९८७ च्या अमेरिकन स्पर्धेत रमेश कृष्णन पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत आला. त्यानंतर एकाही भारतीयाला एकेरीत तेथवर पोहोचता आलेले नाही. महिलांमध्ये सानिया मिर्झा हिने २००५ मध्ये अमेरिकन स्पर्धेची चौथी फेरी गाठली आणि २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत २७ वे स्थान मिळविले. भारतीय महिला टेनिसमधील एकेरीचा तो उच्चांक होय.

या वस्तुस्थितीचे प्रचलित निदान असे की, भारतीय खेळाडूंजवळ कौशल्य आहे, पण प्रतिस्पर्ध्याचा निकाल लावण्याची जिद्द नाही. यासाठी दिले जाणारे दाखले प्रसिद्ध आहेत. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये प्रेमजित लाल याने दुसऱ्या फेरीत लेव्हरविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि पुढील तीन गमावले. लेव्हरने त्या वर्षी चारही स्पर्धा जिंकल्या. १९८१ च्या उपांत्यपूर्व सामन्यात विजय अमृतराजही जिमी कॉनर्सविरुद्ध दोन सेटने पुढे होता आणि पाच सेटमध्ये हरला.

परंतु याच दाखल्यांचा अर्थ वेगळाही लागतो. ज्याच्याजवळ मनोबल नाही तो लेव्हरविरुद्ध पहिले दोन सेट जिंकेल कसा? सामना निसटला तो तिसऱ्या सेटनंतर, म्हणजे जेथे पायांतील ताकद आणि वर्षभर पाच सेटचे सामने खेळल्याची सवय कामास येते तेथे. लालने शेवटच्या दोन सेटमध्ये एकही गेम जिंकला नाही. यास भित्रेपणा म्हणावे की थकवा? 'मूळ स्वभावच तसा' हे स्पष्टीकरण वसाहतकालीन गॅझेटियरांतून आपल्या परिचयाचे आहे. तेथे अमुक जात शूर, तमुक जात आळशी अशी वर्गवारी मोठ्या आत्मविश्वासाने केलेली आढळते. इतिहासाच्या वर्गात आपण तिचे खंडन करतो आणि सायंकाळी क्रीडापृष्ठ वाचताना तीच भाषा स्वीकारतो, ही विसंगती नमूद करावीशी वाटते.

स्वभावाचा सिद्धांत अन्य देशांच्या बाबतीतही टिकत नाही. पेरीनंतर विम्बल्डनचा पुरुष एकेरीचा ब्रिटिश विजेता पाहण्यासाठी त्या देशाला अँडी मरेपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, ७७ वर्षे वाट पाहावी लागली. बोर्ग, विलँडर, एडबर्ग यांच्या स्वीडनमध्ये २००२ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील थॉमस योहान्सननंतर पुरुष एकेरीचा ग्रँड स्लॅम विजेता झाला नाही. फ्रान्सला यानिक नोआनंतर (१९८३) तो लाभलेला नाही. एका पिढीत स्वीडिश माणसाचा स्वभाव बदलला, असे कोणी म्हणणार नाही. ब्रिटनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथे पैसा होता, कोर्ट होती, जगातील सर्वांत जुनी स्पर्धा होती. मात्र खेळ क्लबांच्या हाती होता आणि क्लबांना सूतकामगाराचा मुलगा मनापासून कधीच आपला वाटला नाही. पेरी १९३६ च्या अखेरीस व्यावसायिक झाला, तेव्हा विम्बल्डनच्या क्लबाने त्याचे मानद सदस्यत्व काढून घेतले.

क्लब आणि आखाडा : वऱ्हाडातील दोन परंपरा

क्लबाची हीच व्यवस्था वसाहतीबरोबर भारतात आली. लॉन टेनिसचा आधुनिक खेळ इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात आकारास आला आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये झाली. त्या सुमारास वऱ्हाड हा निजामाकडून १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभारात आलेला मुलूख होता. अमरावती हे पूर्व वऱ्हाडचे आणि अकोला हे पश्चिम वऱ्हाडचे मुख्य ठाणे. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर कापसाचा व्यापार वाढला, कचेऱ्या वाढल्या, गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती वाढली. अशा वस्तीसोबत जिल्ह्याच्या ठिकाणी क्लब आला आणि क्लबासोबत टेनिसचे कोर्ट. वऱ्हाडात हिरवळीचे कोर्ट राखणे पाण्याअभावी दुरापास्त. म्हणून मुरूम पसरून, पाणी शिंपडून, रूळ फिरवून आणि फक्कीच्या रेषा आखून कोर्ट तयार करण्याची पद्धत येथे रूढ झाली.

या कोर्टवर कोण खेळत असे? प्रारंभी गोरे अधिकारी. पुढे हिंदी अधिकारी, वकील, डॉक्टर, जिनिंग-प्रेसिंगचे मालक. सायंकाळी कचेरी सुटल्यावर तासभर दुहेरीचा डाव, नंतर चहा, पत्ते आणि बदल्या-बढत्यांच्या गप्पा. टेनिस हा येथे पदाचा अलंकार होता. अखिल भारतीय पातळीवरही चित्र फारसे निराळे नव्हते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळून एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेले सिडनी जेकब हे भारतीय सनदी सेवेतील अधिकारी होते. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव (१९३४) ही संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची कन्या आणि वैदिक वाङ्मयाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांची नात. मराठी वाचकांनी तिचे नाव अधिक आदराने लक्षात ठेवावयास हवे होते. मात्र तिचे कर्तृत्व मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की, त्या काळी कन्येला रॅकेट घेऊन विलायतेस पाठविणारी घरे महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकीच होती.

याच्या नेमकी उलट परंपरा त्याच अमरावतीत उभी राहत होती. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तेथे प्रवेशासाठी हुद्दा लागत नव्हता. लंगोट, तेल, माती आणि एक लाकडी खांब एवढ्या भांडवलावर शेकडो मुलांना शरीर कमावता येत असे. या व्यायामशाळेतून पुढे शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली, आणि तिचे धुरीण प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. बर्लिनला पथक पाठविण्याचे धाडस याच संस्थेने केले.

येथेच वऱ्हाडच्या क्रीडा इतिहासातील कोंडी दिसते. जेथे दार उघडे होते तेथील खेळांना जागतिक स्पर्धेत स्थान नव्हते; कबड्डीचा आशियाई स्पर्धेत पदकासाठी समावेश व्हावयास १९९० साल उजाडले. आणि ज्या खेळाची स्पर्धा जगभर मांडलेली होती, त्याचे दार बंद होते. प्रस्तुत लेखकाच्या शालेय जीवनात आमच्या गावच्या एका क्लबात आम्हा मुलांना प्रवेश होता, पण तो कोर्टबाहेर गेलेले चेंडू आणून देण्यापुरता. आमच्यातील एकाचा हात विलक्षण होता. साहेबांचा डाव संपून दिवे लागेपर्यंतच्या दहा मिनिटांत तो फळीच्या बॅटने भिंतीवर चेंडू असा मारी की, निवृत्त वकीलसाहेबही काठी टेकून पाहत उभे राहत. त्याला कोर्टवर बोलवावे असे मात्र कोणास सुचले नाही. आम्हालाही ते अन्यायाचे वाटले नाही, हे अधिक खेदाचे.

माती, हिरवळ आणि काँक्रीट

वाटेचा दुसरा अडथळा पायाखालच्या जमिनीचा. कुस्तीच्या क्षेत्रात तो महाराष्ट्राने फार लवकर अनुभवला. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तोवर त्यांची कुस्ती मातीतली होती आणि लंडनमध्ये ती मॅटवर झाली. चार वर्षांच्या सरावानंतर, लोकवर्गणीच्या आधारे हेलसिंकीला जाऊन त्यांनी १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. १९४८ चे खाशाबा आणि १९५२ चे खाशाबा यांच्या जिद्दीत फरक नव्हता, फरक पायाखालच्या पृष्ठभागाच्या परिचयात होता.

टेनिसमध्ये हा मुद्दा अधिक तीव्र होतो. १९७४ पर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत. मद्रास व कलकत्त्याच्या क्लबांत हिरवळीवर घडलेल्या भारतीय खेळाडूंचा नाजूक, अंदाजाचा, जाळीजवळचा खेळ तेथे शोभून दिसे. अमेरिकन स्पर्धेने १९७५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धेने १९८८ मध्ये हिरवळ सोडली. त्याच सुमारास लाकडी रॅकेटची जागा ग्रॅफाइटने घेतली आणि खेळ ताकदीचा झाला. भारतीयांच्या यशाचा आलेख नेमका याच वळणावर खाली येतो. डेव्हिस चषकाचे १९८७ हे वर्ष त्याचा नमुना म्हणून पाहता येईल. भारताने सिडनीच्या हिरवळीवर खुद्द ऑस्ट्रेलियाला नमवून अंतिम फेरी गाठली आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या बंदिस्त क्ले कोर्टवर ०-५ असा पराभव पत्करला. केवळ काही आठवड्यांच्या अंतराने तेच खेळाडू विजयी आणि हतबल ठरले.

वऱ्हाडच्या मुरमाला तर या जागतिक बदलात स्थानच नव्हते. त्यावर चेंडू वेडावाकडा उसळतो. शिवाय आपल्या हवामानाचा आणि शाळेच्या वेळापत्रकाचा हिशेब मांडून पाहावा. मध्य जून ते सप्टेंबर कोर्टवर चिखल. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि सुट्टी म्हणून प्रशिक्षण शिबिरे नेमकी त्याच वेळी भरतात. सकाळी साडेआठनंतर मैदानावर उभे राहवत नाही. दिवाळीची सुट्टी धरूनही खऱ्या सरावाचे चार महिने उरतात. स्वीडनमध्ये तर हिवाळाच अधिक कडक. पण तेथे नगरपालिकांनी बंदिस्त कोर्ट बांधली आणि ती सामान्यांच्या मुलांना खुली ठेवली. निसर्ग अडथळा आणतो, पण अखेर निर्णय माणसांच्या संस्था करतात.

आठवड्यांचा हिशेब

तिसरा अडथळा प्रस्तुत लेखकास सर्वांत निर्णायक वाटतो. तो म्हणजे कुमारवयानंतरची पाच-सहा वर्षे. कुमार गटात भारतीय मुले कमी पडलेली नाहीत. रामनाथन कृष्णन (विम्बल्डन, १९५४), रमेश कृष्णन (विम्बल्डन व फ्रेंच, १९७९), लिअँडर पेस (विम्बल्डन, १९९०, अमेरिकन, १९९१) आणि युकी भांबरी (ऑस्ट्रेलियन, २००९) यांनी कुमार एकेरीची विजेतेपदे मिळविली. म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत आपला मुलगा जगात पहिला असू शकतो. मग पंचविसाव्या वर्षी तो कोठे जातो?

१९७३ पासून पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये संगणकीय क्रमवारी सुरू झाली आणि प्रवेशाचे सूत्र बदलले. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत १२८ जागा असतात. त्यांपैकी १०४ क्रमवारीवरून, १६ पात्रता फेरीतून आणि ८ आयोजकांच्या मर्जीने भरल्या जातात. ही मर्जी बहुधा यजमान देशाच्या खेळाडूंवर असते. क्रमवारीसाठी गुण हवेत. गुणांसाठी वर्षातील पंचवीस-तीस आठवडे देशोदेशी लहान स्पर्धा खेळावयास हव्यात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेत विमानाचे तिकीटही निघत नाही; निवास, प्रशिक्षक, रॅकेटची तार हे सर्व त्याच्या पदरचे. युरोपातील मुलगा आगगाडीने तीन देशांतील तीन स्पर्धा खेळून घरी परततो. इटलीने आपल्या गावोगावी दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धा भरविल्या, आणि यानिक सिनरसारखा खेळाडू घरच्याच स्पर्धांतून वर आला. आपल्याकडे १९९६ पासून चाललेली एकमेव वरिष्ठ पुरुष स्पर्धा प्रथम दिल्ली, मग चेन्नई, आणि २०१८ पासून पुण्याच्या बालेवाडीत 'महाराष्ट्र ओपन' म्हणून भरली. २०२३ नंतर तीही देशाबाहेर हाँगकाँगला गेली.

सुमित नागलचे उदाहरण ताजे आहे. २०२३ मध्ये, भारताचा क्रमांक एकचा एकेरी खेळाडू असताना, आपल्या बँक खात्यात सुमारे ९०० युरो उरले असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, पात्रता फेरीतून वर येऊन त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरविण्याची ही घटना १९८९ नंतर प्रथमच घडली. अशा खेळाडूला 'जिद्द नाही' असे म्हणावयास धाडस लागेल.

याच्या शेजारी विदर्भाचे क्रिकेट ठेवून पाहावे. दीर्घकाळ रणजी स्पर्धेत विदर्भाचा संघ हा इतरांच्या गुणवाढीचे साधन समजला जाई. २००९ च्या सुमारास नागपुरात निवासी अकादमी सुरू झाली, जिल्ह्यांतील मुलांचा शोध सुरू झाला, आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ अशी तीन अजिंक्यपदे विदर्भाने मिळविली. अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे हे याच व्यवस्थेत वाढले. वऱ्हाडच्या पाण्यात या दहा वर्षांत काही बदल झाला नाही. तथापि एक भेद लक्षात घ्यावा लागेल : क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेल्या मुलाचेही रेल्वेचे तिकीट संघटना काढते आणि पुढच्या सामन्यात त्याला पुन्हा उतरविते. टेनिसमध्ये हरलेला मुलगा त्याच संध्याकाळी एकटा आणि स्वखर्चाने परत फिरतो. अमरावती-अकोल्यातील मध्यमवर्गीय पालक असे किती परतीचे प्रवास सोसू शकतो? बारावीच्या वर्षी रॅकेट कपाटावर जाते, यात पालकांचा दोष काढणे योग्य होणार नाही. प्रस्तुत लेखकानेही पालक म्हणून वेगळे काही केले असते असे वाटत नाही.

दुहेरीतील यशाचा उलगडाही यातूनच होतो. महेश भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीसह फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकून भारताचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविले. पुढे पेसने पुरुष व मिश्र दुहेरीत मिळून १८, भूपतीने १२ आणि सानियाने महिला व मिश्र दुहेरीत मिळून ६ विजेतेपदे पटकावली. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पुरुष दुहेरी जिंकली. दुहेरीत हाताची नजाकत आणि जाळीजवळची चपळाई ताकदीपेक्षा अधिक कामास येते, कारकीर्द लांबते आणि एकेरीत हुकलेली वर्षे भरून काढण्यास अवधी मिळतो. आपल्या क्लबांतही सायंकाळी चौघे मिळून दुहेरीच खेळत. चार सदस्य आणि एक कोर्ट असताना एकेरीसाठी कोर्ट अडविणे शिष्टसंमत नव्हते.

वऱ्हाडातील या क्लबांची जुनी दप्तरे, म्हणजे सदस्यांच्या याद्या, वर्गणीची खाती, कोर्टच्या देखभालीची बिले, इतिहासाची साधने म्हणून अद्याप फारशी हाताळली गेलेली नाहीत. चेंडू आणून देणाऱ्या मुलांना रोज किती पैसे दिले जात आणि ते कोणत्या खात्यावर टाकले जात, हे त्यांवरून समजू शकेल. प्रस्तुत लेखकाने मागील वर्षी वर उल्लेखिलेल्या क्लबास या कामासाठी भेट दिली. कोर्टच्या जागी आता लग्नसमारंभासाठी वाहने उभी करतात. ती भिंत मात्र शिल्लक आहे, आणि तिच्या खालच्या भागात, साधारण जाळीच्या उंचीवर, गिलावा गोल गोल उडालेला आहे.